आजची हांक : संत फ्रान्सिस झेवियर यांचें चरित्र

धर्मग्रामाची जुबिली आली म्हणजे मन साहजिकच मागें वळतें. देवळाचा पाया कोणत्या सालीं घातला, घंटा कोणीं दिली, कोणकोणत्या पाद्रींनीं येथें सेवा केली, यांच्या याद्या तयार होतात, आणि त्या व्हाव्यातहि. परंतु त्या याद्या वाचतांना मनांत येतें कीं, त्यांतील प्रत्येक नांवाच्या मागें एखादा साधासुधा दिवस आहे. त्या दिवशीं कोणाला तरी देवाची हांक कामाच्या गडबडींत ऐकूं आली, आणि ती उद्यांवर न टाकतां त्यानें मानली. ज्या संताच्या चरित्रांत असा दिवस अगदीं स्पष्टपणें दिसतो, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांची कथा या प्रसंगीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचें नांव आपल्या घरांत लहान मुलालाहि ठाऊक असतें. जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस मंदिरांत त्यांचा देह आहे, आणि सुमारें दहा वर्षांनीं एकदां होणाऱ्या त्याच्या दर्शनास आपल्यांतील कित्येक कुटुंबें जाऊन येतात. अलीकडील दर्शन 2024 च्या नोव्हेंबरांत सुरू होऊन 2025 च्या जानेवारींत समाप्त झालें. त्यांच्या चमत्कारांच्या कथा घरोघर सांगितल्या जातात. येथें त्या बाजूस ठेवून, देवाच्या हांकेला त्यांनीं कसकसें उत्तर दिलें एवढेंच पाहावयाचें आहे. आणि प्रथमच हें सांगितलें पाहिजे कीं, पहिलें उत्तर देण्यास त्यांनीं फार उशीर केला.

फ्रान्सिस यांचा जन्म 7 एप्रिल 1506 रोजीं, आज स्पेन देशांत मोडणाऱ्या परंतु तेव्हां स्वतंत्र असलेल्या नावार्रा नांवाच्या लहानशा राज्यांत, झेवियरच्या गढींत झाला. वडील डॉक्टर हुआन दे हासो हे राजाच्या मंत्रिमंडळाचे अध्यक्ष होते. गढी आईच्या, म्हणजे मारिया दे आस्पिलक्वेता यांच्या, घराण्याकडून आलेली होती. फ्रान्सिस हें शेंडेफळ. त्यांच्या बाळपणींच या घरावर एकामागून एक आघात झाले. 1512 सालीं राजा फर्डिनंडच्या फौजेनें नावार्रा जिंकलें; 1515 मध्यें वडील वारले; 1516 मध्यें कार्डिनल सिस्नेरोस यांच्या हुकमानें गढीचे बुरूज पाडून टाकण्यांत आले. थोरले बंधु गेलेलें राज्य परत मिळविण्यासाठीं लढत राहिले. 1521 सालीं पांप्लोना येथें जी लढाई झाली, तींत किल्ला राखणाऱ्या एका बास्क शिपायाचा पाय तोफेच्या गोळ्यानें मोडला. तो शिपाई म्हणजे इग्नेशियस लोयोला. आणि फ्रान्सिस यांचे भाऊ होते त्याच्या शत्रूंच्या पक्षांत. या दोन घरांतील माणसें पुढें एका खोलींत राहतील असें त्या दिवशीं कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसतें.

तरवारीनें गेलेली प्रतिष्ठा विद्येनें परत मिळवावी, या हेतूनें फ्रान्सिस 1525 मध्यें पॅरिसला गेले आणि सेंत-बार्ब विद्यालयांत राहूं लागले. खेळांत चपळ, बोलण्यांत मोकळे, थोडेसे खर्चिक असे हे तरुण 1530 सालीं मास्टर ऑफ आर्ट्स झाले व बोव्हे विद्यालयांत तत्त्वज्ञान शिकवूं लागले. त्यांच्या खोलींत सेव्हॉयचा पीटर फेबर हा मेंढपाळाचा गुणी मुलगा राहत असे. 1529 मध्यें तेथेंच इग्नेशियस राहावयास आले. वय चाळिशीच्या घरांत, चाल लंगडी, कपडे भिकाऱ्याचे, आणि वर्गांत आपल्याहून पुष्कळ लहान मुलांबरोबर बसणारा हा गृहस्थ फेबर यांना फार आवडला. फ्रान्सिस यांना मुळींच आवडला नाहीं. ते त्याची थट्टा करीत.

इग्नेशियस यांनीं ती थट्टा सोसली. फ्रान्सिस यांच्या व्याख्यानांस त्यांनीं विद्यार्थी मिळवून दिले, पैशाची चणचण पडली तेव्हां पैसे दिले, आणि सारें जग मिळवून आत्मा गमावला तर माणसाला काय लाभ, हा आपल्या प्रभूनें विचारलेला प्रश्न ते पुनःपुन्हा त्यांच्यापुढें ठेवीत राहिले. अशीं तीन-चार वर्षें गेलीं. आपलीं मुलें देवाच्या कामास लवकर वळत नाहींत म्हणून जे आईबाप कष्टी होतात त्यांनीं हीं वर्षें ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. फ्रान्सिस यांना हांक ऐकूं येत नव्हती असें नाहीं. ती ऐकून ते दुसरीकडे पाहत होते. 1531 मध्यें तर त्यांनीं आपलें कुलीनत्व सिद्ध करण्यासाठीं रीतसर अर्ज केला, कारण पांप्लोनाच्या मुख्य देवळांत मानाची व उत्पन्नाची जागा मिळविण्याचा त्यांचा विचार होता. त्या अर्जाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागला खरा, परंतु तो 1536 सालीं. तोंपर्यंत अर्जदारानें दारिद्र्याचें व्रत घेतलें होतें!

मन नेमकें कोणत्या दिवशीं पालटलें हें त्यांनीं कोठें सांगितलेलें नाहीं. 1533 च्या सुमारास ते इग्नेशियस यांचे झाले एवढें खरें. 15 ऑगस्ट 1534 रोजीं, पवित्र मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, मोंमार्त्रच्या टेकडीवरील लहानशा चॅपलांत सात मित्र जमले. त्यांत पाद्री एकटे फेबर. त्यांनींच मिस्सा केली. सर्वांनीं दारिद्र्य व ब्रह्मचर्य यांचीं व्रतें घेतलीं, आणि यरुशलेमेस जाऊन आत्म्यांची सेवा करूं, तें न साधलें तर पोपमहाराज धाडतील तेथें जाऊं, असा संकल्प केला. 1536 च्या हिंवाळ्यांत हे सोबती पायीं व्हेनिसला गेले. तेथें असाध्य रोग्यांच्या इस्पितळांत फ्रान्सिस यांनीं जखमा धुतल्या, आणि 24 जून 1537 रोजीं त्यांना पाद्रीपणाची दीक्षा मिळाली. तुर्कांशीं युद्ध पेटल्यामुळें यरुशलेमेचें गलबत मात्र निघालें नाहीं. म्हणून ते सर्व रोमला आले.

आतां तो दिवस. पोर्तुगालचे राजे तिसरे जॉन यांनीं हिंदुस्थानांतील आपल्या प्रदेशांसाठीं धर्मोपदेशक मागितले होते, आणि पोप तिसरे पॉल यांच्या संमतीनें इग्नेशियस यांनीं दोन नांवें ठरविलीं होतीं : सिमॉन रॉद्रिगिश आणि निकोलास बोबादिया. फ्रान्सिस यांचें नांव त्यांत नव्हतें. ते रोमांत चिटणिसाचें काम करीत, म्हणजे इतरांच्या प्रवासाचीं पत्रें लिहीत बसत. रॉद्रिगिश आधींच समुद्रमार्गानें निघून गेले. बोबादिया दक्षिणेकडून रोमला आले ते आजारी होऊनच. प्रवास त्यांना झेपण्यासारखा नव्हता. इकडे पोर्तुगालचे वकील दों पेद्रु माश्करेन्यश यांचें सामान बांधून तयार होतें. इग्नेशियस स्वतः दुखण्यानें बिछान्यावर होते. 14 मार्च 1540 रोजीं त्यांनीं फ्रान्सिस यांस जवळ बोलाविलें, झालेली अडचण सांगितली, आणि आतां हें काम तुमचें, असें कळविलें.

फ्रान्सिस यांनीं एका वाक्यांत आपली तयारी सांगितली. मग त्यांनीं काय केलें? आपला फाटका झगा ठिगळें लावून नीट केला, पोपमहाराजांचा आशीर्वाद घेतला, आणि एक कागद लिहून ठेवला. त्यावर 15 मार्चची तारीख आहे. संघाचे जे नियम सोबती पुढें ठरवतील ते आपणांस मान्य आहेत, वरिष्ठ म्हणून आपलें मत इग्नेशियस यांना आहे, आणि संघाचीं व्रतें आपण आतांच घेत आहों, एवढें त्यांत होतें. इतकें करून ते वकिलांबरोबर बाहेर पडले. येशुसंघाला पोपमहाराजांची लेखी मान्यता मिळाली ती 27 सप्टेंबर 1540 रोजीं. तेव्हां फ्रान्सिस लिस्बनला होते. 1541 च्या एप्रिलांत वरिष्ठांच्या निवडणुकीचीं मतें उघडलीं, तेव्हां ते समुद्रावर होते. इग्नेशियस यांची व त्यांची पुन्हा भेट झाली नाहीं.

एका रात्रींत आयुष्य उलटेंपालटें करणारें हें उत्तर उतावीळपणाचें होतें काय? मला तसें वाटत नाहीं. पॅरिसमध्यें ज्याला होय म्हणावयास चार वर्षें लागलीं, त्यानें त्या चार वर्षांत स्वतःच्या बेतांशीं झुंज संपविली होती. पुढें 1545 सालीं मलाक्क्याकडे जावें कीं नाहीं हा प्रश्न उभा राहिला, तेव्हां याच फ्रान्सिस यांनीं मैलापूर येथें संत थॉमस यांच्या कबरेपाशीं चार महिने प्रार्थनेंत घालविले आणि मगच पाऊल उचललें. आज्ञा स्पष्ट होती तेथें ते थांबले नाहींत. स्पष्ट नव्हती तेथें ते धांवले नाहींत.

येथें एका लोकप्रिय गोष्टीविषयीं सांगणें भाग आहे. स्पेनमधून जातांना आपल्या गढीजवळून गेले असूनहि ते आईला भेटले नाहींत, असें प्रवचनांतून पुष्कळदां ऐकूं येतें. परंतु त्यांची आई 1529 सालींच वारली होती. संतांचा त्याग मोठा दाखविण्यासाठीं त्यांच्या आईला अकरा वर्षें अधिक जगविण्याचें कारण नाहीं.

लिस्बनमध्यें त्यांना जवळजवळ दहा महिने थांबावें लागलें. तांतडीनें बोलाविलेल्या माणसाला असें थांबावयास लावणें हीहि देवाची एक रीत दिसते. त्या काळांत ते तुरुंगांत कैद्यांकडे जात व पापनिवेदनें ऐकत. त्यांचें काम पाहून राजा त्यांस सोडीना. शेवटीं रॉद्रिगिश तेथें राहिले आणि फ्रान्सिस यांना निरोप मिळाला. 7 एप्रिल 1541 रोजीं, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशीं, ते सांतियागो नांवाच्या गलबतावर चढले. पोपचे प्रतिनिधि म्हणून त्यांच्या पदरीं अधिकारपत्रें होतीं. एवढ्या मानाच्या माणसानें गलबतावर स्वतःचे कपडे धुणें व स्वतःचें अन्न शिजविणें शोभणार नाहीं, चाकर घ्यावा, असें एका बड्या सरदारानें त्यांस सुचविलें होतें. अशा तऱ्हेचा मान राखण्याच्या नादांतच ख्रिस्तसभेची सध्यांची दशा झाली आहे, अशा अर्थाचें उत्तर देऊन त्यांनीं चाकर नाकारला. गलबतावर आजाऱ्यांचे कपडेहि त्यांनींच धुतले. स्वतः त्यांना दोन महिने समुद्र लागला होता.

वारा चुकल्यामुळें मोझांबिकच्या बेटावर सहा महिने अडकून पडावें लागलें. हिंदुस्थान पुढें, काम पुढें, आणि हे येथें! परंतु तेथील इस्पितळ तापाच्या रोग्यांनीं भरलें होतें, आणि त्यांच्या दृष्टीनें काम तेथेंच होतें. 6 मे 1542 रोजीं ते गोव्यास पोहोंचले. प्रथम महागुरु जुआंव दे आल्बुकेर्क यांच्यापुढें त्यांनीं आपलीं अधिकारपत्रें ठेविलीं, आणि त्यांच्या परवानगीवांचून त्यांचा उपयोग करणार नाहीं असें सांगितलें. मग ते राजवाड्यांत न उतरतां इस्पितळांत उतरले. रात्रीं जो रोगी अधिक अत्यवस्थ असे त्याच्या खाटेजवळ ते निजत. रविवारीं शहराबाहेर महारोग्यांसाठीं मिस्सा करीत. दुपारीं हातांत घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत, आणि जमलेल्या मुलांना व गुलामांना देवळांत नेऊन मोडक्यातोडक्या सोप्या पोर्तुगीज भाषेंत धर्मशिक्षण देत.

चार-पांच महिन्यांतच त्यांना दक्षिणेकडील मोत्यांच्या किनाऱ्यावर पाठविण्यांत आलें. तेथील परवर कोळ्यांनीं कांहीं वर्षांपूर्वीं बाप्तिस्मा घेतला होता, परंतु त्यांना शिकविणारा कोणी नव्हता. फ्रान्सिस यांनीं दुभाष्यांच्या मदतीनें क्रूसाची खूण, प्रेषितांचा विश्वासांगिकार, दहा आज्ञा व नित्याच्या प्रार्थना तामिळ भाषेंत उतरवून घेतल्या आणि घोकून पाठ केल्या. त्यांचे उच्चार कसे असतील याची आपण कल्पना करावी. 1544 च्या जानेवारींत कोचीनहून लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं कळविलें आहे कीं, मुलें त्यांना सोडीनात. एखादी नवी प्रार्थना शिकविल्याखेरीज तीं त्यांस ना पाद्रीपणाची नित्यप्रार्थना म्हणूं देत, ना जेवूं देत, ना झोंपूं देत. एका धर्मगुरूला याहून मोठा व्यत्यय कोणता? पण स्वर्गाचें राज्य अशांचेंच आहे हें त्यांना त्या गलक्यांत कळूं लागलें. आजाऱ्यांकडून बोलावणीं इतकीं येत कीं, ते या मुलांनाच घरोघर प्रार्थना म्हणावयास धाडीत. बाप्तिस्मा देतां देतां हात भरून येई व आवाज बसे. त्याच पत्रांत, पॅरिसच्या विद्यापीठांत जाऊन वेड्यासारखें ओरडावें आणि मानाच्या जागांसाठीं शिकणाऱ्या पंडितांना जागें करावें, असें आपल्या मनांत येतें, हेंहि त्यांनीं लिहिलें आहे. पांप्लोनाच्या जागेचा अर्ज ज्यानें केला होता त्याचेंच हें लिहिणें, हें विसरूं नये.

संतांच्या हातून चुका होत नाहींत असें ख्रिस्तसभा शिकवीत नाहीं. आपल्या देशबांधवांच्या धर्माविषयीं फ्रान्सिस यांना फार थोडी माहिती होती आणि त्यांनीं त्याविषयीं कठोर लिहिलें. 1546 मध्यें आंबोइनाहून त्यांनीं राजाला पत्र लिहून गोव्यासाठीं इन्क्विझिशनची मागणी केली; तें न्यायासन त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, 1560 सालीं, आलें, आणि त्याच्या आठवणी सुखाच्या नाहींत. ते आपल्या काळाचे होते, आणि त्या बाबतींत आज त्यांचें अनुकरण कोणी करूं नये. त्यांच्या काळींहि कित्येकांना वाटे कीं हे एक काम पुरें होण्याआधींच दुसऱ्याकडे निघतात. या आक्षेपांत थोडें तथ्य आहे. परंतु ते जेथून निघत तेथें दुसऱ्यांस नेमून, आणि पत्रांतून त्यांची काळजी वाहत निघत.

मलाक्का, आंबोइना, मोलुक्का हीं बेटें फिरून ते 1548 च्या आरंभीं परतले, आणि गव्हर्नर दों जुआंव दे काश्त्रु यांच्या भेटीसाठीं वसईस आले. त्यांच्या मनांत आतां जपान होता, कारण मलाक्का येथें आंजिरो नांवाचा एक जपानी गृहस्थ मनःशांति शोधीत त्यांच्याकडे आला होता. त्याला घेऊन, फादर कोस्मे दे तोरेस व ब्रदर हुआन फेर्नांदेस यांच्यासह, ते 15 ऑगस्ट 1549 रोजीं कागोशिमास उतरले. मोंमार्त्रच्या व्रताला त्या दिवशीं पंधरा वर्षें झालीं. 1551 च्या हिंवाळ्यांत बर्फांतून चालत ते राजधानी मियाको येथें गेले, तों सम्राटाच्या हातीं कांहींच सत्ता नाहीं असें दिसून आलें. अकरा दिवसांत ते परतले. फाटक्या झग्याला तेथें कोणी विचारीत नाहीं हें ध्यानांत येतांच त्यांनीं चांगलीं वस्त्रें घातलीं, घड्याळ वगैरे नजराणे घेतले, आणि यामागुचीच्या अधिपतीपुढें वकील म्हणून उभे राहिले. गोव्याच्या वाटेवर ज्यांनीं मान नाकारला त्यांनीं येथें तो पत्करला, कारण येथें तोच उपयोगी होता. ज्या जपानांत त्यांनीं बीं पेरलें त्याच जपानांत, नागासाकी येथें, 5 फेब्रुवारी 1597 रोजीं वसईचे संत गोन्सालो गार्सिया क्रूसावर प्राण देऊन रक्तसाक्षी झाले.

जपानी लोक विचारीत कीं, हा धर्म खरा असेल तर चीनच्या शहाण्यांना तो ठाऊक कसा नाहीं? म्हणून फ्रान्सिस यांनीं चीनला जाण्याचें ठरविलें. 1552 च्या आरंभीं ते हिंदुस्थानांत परतले, आणि गोव्यांतील कारभार गास्पर बार्झेउस यांच्याकडे सोंपवून एप्रिलांत पुन्हा निघाले. त्यांचे मित्र दियोगु पेरेइरा हे वकील म्हणून बरोबर जावयाचे होते. मलाक्क्याच्या कप्तानानें, दों आल्व्हारु दे आताइद यानें, त्यांस अडविलें. वकील गेला, इतमाम गेला. फ्रान्सिस तसेच पुढें गेले, आणि ऑगस्टच्या अखेरीस चीनच्या किनाऱ्याजवळील सान्शान बेटावर उतरले. किनारा कांहीं मैलांवर होता. परदेशी माणसानें परवान्यावांचून चीनमध्यें पाऊल ठेवणें म्हणजे कैद किंवा मरण.

एका चिनी व्यापाऱ्यानें मिऱ्यांच्या मोठ्या मोबदल्यांत त्यांस गुपचूप कॅन्टनला पोहोंचविण्याचें कबूल केलें. फ्रान्सिस वाट पाहूं लागले. गवताच्या खोपटांत ते रोज मिस्सा करीत, व्यापाऱ्यांच्या मुलांना व गुलामांना शिकवीत, आजाऱ्यांना भेटत. गोव्यास, मोझांबिकांत, लिस्बनला जें केलें तेंच. एकेक गलबत शीड उभारून निघून गेलें. ठरलेला दिवस नोव्हेंबरांत येऊन गेला, व्यापारी आला नाहीं. 21 नोव्हेंबरास त्यांना ताप भरला. गलबतावर नेलें, तेथें हेलकावे सोसवेनात म्हणून दुसऱ्या दिवशीं पुन्हा किनाऱ्यावर आणलें. जवळ आंतोनियो नांवाचा एक चिनी ख्रिस्ती तरुण होता. पुढील दिवसांची सारी हकिगत त्याच्याकडूनच आपणांस कळते : वात झाला तेव्हांहि ते प्रार्थनाच बोलत होते, आणि येशूचें नांव ओठांवर होतें. 3 डिसेंबर 1552 रोजीं, उजाडण्याच्या आधीं, आंतोनियोनें त्यांच्या हातांत मेणबत्ती दिली आणि त्यांचा प्राण गेला. वय सेहेचाळीस वर्षें. पुरण्यास चार माणसें होतीं.

त्यांच्या गळ्यांत एक लहानशी डबी होती. तींत संत थॉमस यांचा अवशेष, स्वतःच्या व्रतांचा कागद, आणि सोबत्यांच्या पत्रांतून कापून घेतलेल्या त्यांच्या सह्या होत्या. इग्नेशियस यांचीहि होती. पुढें देह मलाक्क्यास नेण्यांत आला आणि 16 मार्च 1554 रोजीं गोव्यास पोहोंचला. रोम सोडून त्यांस त्या मार्चांत चौदा वर्षें झालीं होतीं. 12 मार्च 1622 रोजीं त्यांना आणि इग्नेशियस यांना एकाच दिवशीं संतपद देण्यांत आलें.

इग्नेशियस यांचें एक पत्र सांगावयाचें राहिलें. आपला हा सोबती आतां युरोपांत हवा, राजाला व पोपमहाराजांना पूर्वेकडील गरजा त्यानें स्वतः सांगाव्या, असें वाटून त्यांनीं 28 जून 1553 रोजीं रोमहून पत्र लिहिलें. त्यांत त्यांनीं आज्ञापालनाच्या व्रतास अनुसरून, पहिल्या चांगल्या गलबतानें पोर्तुगालला परत येण्याचा हुकूम दिला होता. तें पत्र लिहिलें गेलें तेव्हां फ्रान्सिस यांस जाऊन जवळजवळ सात महिने होत आले होते, आणि त्यांचा देह मलाक्क्याच्या देवळांत मातीखालीं होता. रोमांत ती बातमी अजून पोहोंचावयाची होती.